तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच माणसाच्या दोन-दोन तारखा कशा?

एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांची, संतांची चरित्रं तपासणाऱ्याला हा प्रश्न ठरलेलाच. एका पुस्तकात एक तारीख, दुसऱ्यात दुसरी, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिसरीच. यातली खरी कोणती? बहुतेक वेळा कुणी खोटं लिहिलेलं नसतं. मूळ नोंद तिथीची असते आणि तिची तारीख करताना कुणाचा तरी पाय घसरलेला असतो. तो कुठे घसरतो, ते एकदा कळलं की निम्म्या भानगडी घरबसल्या सुटतात.

सगळ्यात जास्त चुका शकाचा इसवी सन करताना ‘शकात ७८ मिळवा’ या अर्धवट पाठ केलेल्या नियमानं होतात. शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला, इसवी सन बदलतो १ जानेवारीला. म्हणून पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि १ जानेवारीपासून फाल्गुनाच्या अमावास्येपर्यंत ७९. माघ-फाल्गुनाला नेहमीच ७९ लागतात. पौषात मात्र जपून, कारण १ जानेवारी बहुधा मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात नाहीतर पौषात पडते.

शेगावला गजानन महाराज प्रकट झाले ती तिथी माघ वद्य ७, शके १७९९. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची समाधी चैत्र वद्य १३, शके १८००. शक दोन, पण इसवी सन एकच: २३ फेब्रुवारी १८७८ आणि ३० एप्रिल १८७८. दोन्ही घटनांत अंतर जेमतेम ६६ दिवसांचं. डोळे मिटून ७८ मिळवले, तर महाराज १८७७ साली प्रकट झाले असं निघतं, आणि तसं छापलेलंही सापडतं.

दुसरा सापळा अलीकडचा. इंटरनेटवर ‘शक’ म्हणून तारीख बदलून देणारी जी साधनं आहेत, त्यांतली पुष्कळशी भारतीय राष्ट्रीय पंचांगाची आहेत. ते पंचांग २२ मार्च १९५७ पासून सुरू झालं. त्यात चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) लागतो आणि महिन्याचे दिवस १ ते ३० किंवा ३१ असे सलग मोजतात. तिथी, पक्ष, अधिक महिना यांतलं काहीच त्यात नाही. तिथे ‘माघ ७’ घालून मिळालेल्या उत्तराचा ‘माघ वद्य ७’शी काडीचा संबंध नसतो. एकोणिसाव्या शतकासाठी जुनी जंत्री, शकावली (तिथी आणि तारखा शेजारी देणारी कोष्टकं) किंवा तिथीवरून गणित करणारं साधनच लागतं.

तारीख निघाली की ती ताडून पाहायची. जुन्या नोंदीत शक आणि तिथीबरोबर बहुधा संवत्सराचं नाव (साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव) आणि वार असतो. हे चारही जुळले तर तारीख पक्की समजायला हरकत नाही. संवत्सर काढणं सोपं आहे. शकात १२ मिळवून ६० नं भागायचं; उरेल तो प्रभवापासूनचा, म्हणजे पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक, शून्य उरलं तर क्षय, म्हणजे साठावा. १८०० + १२ = १८१२, बाकी १२, बारावा संवत्सर बहुधान्य. स्वामींच्या समाधीच्या नोंदीत बहुधान्यच आहे. उत्तरेकडच्या बार्हस्पत्य (गुरू ग्रहाच्या गतीवरून मोजलेल्या) संवत्सरांना मात्र हा हिशेब लावू नका, तिथे नावं पुढे सरकलेली असतात.

वारासाठी १८०१ ते १८९९ पुरतं चालणारं एक तोंडी गणित आहे. सनाचे शेवटचे दोन आकडे, त्यांचा चौथा हिस्सा (अपूर्णांक सोडून), दिवस, महिन्याचा अंक आणि वर २, अशी बेरीज करून ७ नं भागायचं. महिन्यांचे अंक जानेवारीपासून क्रमानं १, ४, ४, ०, २, ५, ०, ३, ६, १, ४, ६. बाकी १ म्हणजे रविवार, २ सोमवार, शून्य म्हणजे शनिवार. लीप वर्षी जानेवारी-फेब्रुवारीसाठी एक कमी करायचा. ३० एप्रिल १८७८ घ्या: ७८ + १९ + ३० + ० + २ = १२९, बाकी ३, मंगळवार. नोंदीतला वारही मंगळवारच.

वार एका दिवसानं चुकला तर लगेच नोंद खोटी ठरवू नका. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. पत्रिकेत ‘मंगळवार, सूर्योदयात् गत घटी ५१’ असं असेल तर घटीला २४ मिनिटं या हिशेबानं २० तास २४ मिनिटं होतात. सूर्योदय सहाचा धरला तर जन्म रात्री २ वाजून २४ मिनिटांनी. पंचांगानं तो मंगळवार, घड्याळानं बुधवार. मध्यरात्र ते पहाट या वेळात जन्मलेल्यांच्या दोन तारखा असतात त्या यामुळे, आणि दोन्ही लिहिणारे आपापल्या जागी बरोबर असतात.

महिनाभराची चूक दोन कारणांनी होते. एक, अधिक महिना. तो साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, आणि नोंदीत ‘अधिक’ की ‘निज’ (त्यानंतरचा, त्याच नावाचा नेहमीचा महिना) हे लिहिलं नसेल तर दोन तारखा शक्य असतात. इथेही वार कामाला येतो: त्या दोन तारखांत बहुतेक वेळा २९ किंवा ३० दिवसांचं अंतर असतं, चार आठवडे मात्र २८ दिवसांचे, त्यामुळे वार एकीलाच जुळतो. दुसरं कारण, आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही. वद्य पक्षात उत्तरेचं महिन्याचं नाव एक पाऊल पुढे असतं. आपली माघ वद्य सप्तमी तिकडे फाल्गुन कृष्ण सप्तमी.

स्वामी दयानंद सरस्वतींच्या बाबतीत तर तिथी आणि तारीख यांचं उघड भांडण आहे. त्यांची जयंती फाल्गुन कृष्ण दशमीला पाळतात, तीही उत्तरेच्या गणनेनं; आणि छापली जाणारी तारीख १२ फेब्रुवारी १८२४. त्या दिवशी शुक्ल पक्ष चालू होता, पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर होती. कृष्ण दशमी येते २४ फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. अशा जागी मी दोन्ही देतो आणि जुळत नाहीत हे स्पष्ट लिहितो. गुपचूप एक निवडणं मला बरोबर वाटत नाही.

स्वामी विवेकानंदांची नोंद उलट फार सुरेख जुळते. १२ जानेवारी १८६३, सोमवार, पौष कृष्ण सप्तमी, मकरसंक्रांत. संक्रांत तर १४ला असते, मग ही चूक का? नाही. आपली संक्रांत निरयन आहे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेली; ती इंग्रजी कॅलेंडरात साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १८६३ला ती १२लाच होती.

काही तारखांत मात्र गणित नसतं, नुसती सरमिसळ असते. बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीख कुठे ६ जानेवारी, कुठे २० फेब्रुवारी अशी दिसते. पैकी ६ जानेवारी (१८३२) हा ‘दर्पण’चा पहिला अंक निघाल्याचा दिवस. वृत्तपत्राचा वाढदिवस संपादकाला चिकटला असावा, ही शंका घ्यायलाच हवी.

आपल्याकडचाच हा गोंधळ आहे असं समजू नका. रशियात १९१८पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं. एकोणिसाव्या शतकात ते १२ दिवस मागे होतं, म्हणून टॉलस्टॉय २८ ऑगस्ट किंवा ९ सप्टेंबर १८२८, आणि संगीतकार चायकोव्हस्की २५ एप्रिल किंवा ७ मे १८४०. लोक सवयीनं १३ दिवस मिळवतात. ते अंतर १९००च्या मार्चपासूनचं. रशियन कवी पुश्किनच्या एका आयुष्यात दोन फरक येतात: जन्म २६ मे १७९९, त्याला ११ मिळवून ६ जून, मृत्यू २९ जानेवारी १८३७, त्याला १२ मिळवून १० फेब्रुवारी. संगीतकार शोपँच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्म २२ फेब्रुवारी १८१० आहे आणि घरचे मात्र १ मार्च धरत. तिथे कॅलेंडराचा दोष नाही. नोंद झाली एप्रिलमध्ये, तारीख सांगण्यावरून लिहिलेली.

बाप्तिस्म्याच्या नोंदींबद्दल आणखी एक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा आणि बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५चा. प्रौढपणी धर्मांतर केलेल्या माणसाची चर्चमधली तारीख जन्माच्या आसपासची नसते, हे सांगायला नको. तरी वंशावळी करताना ही गफलत होते.

वयाचं गणितही असंच निसटतं. विष्णुशास्त्री चिपळूणकर २० मे १८५०ला जन्मले, १७ मार्च १८८२ला गेले. ‘बत्तिसाव्या वर्षी गेले’ हे बरोबर, ‘बत्तीस वर्षांचे होऊन गेले’ हे चूक; एकतिसच पुरी झाली होती. जन्मसाल माहीत नसताना मृत्यूच्या वयावरून ते काढलेलं असेल तर एक वर्ष इकडे-तिकडे धरूनच चाला.

आणि गजानन महाराजांपुढे कंसात ‘जन्म १८७८’ लिहू नका. ती तारीख लोकांनी त्यांना शेगावात प्रथम पाहिल्याची आहे, आणि तेव्हा ते तरुण होते. कंसात ‘प्रकट १८७८, समाधी १९१०’ असं लिहावं. समाधीची नोंद भाद्रपद शुद्ध ५, शके १८३२, म्हणजे ८ सप्टेंबर १९१०, गुरुवार. वार ताडायचा असेल तर वरच्या गणितातले शेवटचे २ सोडून द्या. १९०० ते १९९९साठी ते मिळवायचे नसतात.