पालथा घातलेला फोन

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी माझा 13 वर्षांचा भाचा सोलापूरला आमच्याकडे राहायला आला होता. एरवी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून मागून खाणारा हा मुलगा त्या रात्री ताटावर नुसता बसून होता. फोन चादरीवर पालथा घातलेला आणि त्यावर तळहात घट्ट दाबलेला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आत्या, सांगितलं तर पप्पा फोन काढून घेतील." क्रिकेटच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी क्रमांकावरून आलेला व्हिडिओ सामन्याचा समजून त्याने उघडला होता आणि तो अश्लील निघाला होता. दोन दिवस त्याने हे कोणालाही सांगितले नव्हते.

मुलांनो, असे काही अचानक समोर येणे हा तुमचा अपराध नाही. किळस वाटली तरी नाही आणि कुतूहलाने आणखी थोडे पाहिले गेले तरीही नाही. ते बंद करा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. मित्राला "हे बघ काय आलंय" म्हणून मात्र कधीही पुढे पाठवू नका, कारण त्या चित्रातील व्यक्ती 18 वर्षांखालील असेल, तर ते साठवणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि 2012 च्या पॉक्सो (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या) कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. म्हणून पुरावा म्हणून चित्र ठेवण्याऐवजी पाठवणाऱ्याचा क्रमांक, ग्रुपचे नाव आणि वेळ कागदावर लिहून ठेवावी.

कोणी तुमचाच फोटो मागत असेल किंवा फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर पैसे देऊ नका, दुसरा फोटो पाठवू नका आणि घाबरून संभाषण पुसू नका. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास विनामूल्य आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींची तक्रार नाव न देताही करता येते.

पालकांनाही माझी कळकळीची विनंती आहे. फोन जप्त करण्याची धमकी आपण शिस्तीसाठी देतो, पण संकटात सापडलेले मूल नेमके तिच्यामुळेच गप्प बसते. मूल सांगायला आले, तर त्या क्षणी फोनला हात लावू नका. आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून तो ग्रुप सोडला, क्रमांक रिपोर्ट करून ब्लॉक केला, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद केले आणि ग्रुपमध्ये केवळ ओळखीचेच जोडू शकतील अशी सेटिंग ठेवली. मग त्याच्यासमोरच मी भावाला फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. नंतर भाऊ म्हणाला, "त्याच्याकडे दे." भाच्याने फोन कानाला लावला, दोन-तीनदा "हो पप्पा" म्हणाला आणि बोलता बोलताच त्याने ताट पुढे ओढले.