मोरीला चुना लावते आहे

17 ऑक्टोबर

जुना गिलावा उतरवून झाला एकदाचा. शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि एक कोनाडा, सगळं मिळून 6 चौरस मीटर. आजवर मी फरशीच्या तुकड्यांवर वीतभर नमुने करत आलेय (त्यांना भेगा का पडतात, हा मागच्या नोंदीतला माझा प्रश्न), त्यामुळे माझ्या लेखी हे म्हणजे रायगडच.

घर भाड्याचं, मोरोक्कोतल्या मराकेशच्या जुन्या शहरात, गल्लीतल्या गल्लीत. 8 सप्टेंबर 2023च्या भूकंपात ते उभं राहिलं, पण न्हाणीघराच्या या कोपऱ्याला छतापासून खालपर्यंत तडा गेला. नंतर कुणीतरी तो जिप्समने बुजवून वर ऑइलपेंट फासला होता. ओलीच्या जागी जिप्सम! थापीचं टोक लावलं तर मुकाट आत गेलं. विटेपर्यंत सगळं खरवडलं, तड्याच्या विटा गवंड्याकडून नव्याने बसवून घेतल्या. घरमालकांची अट एकच होती, टाइल लावायची नाही, तादलाक्तच करायचं. मी तर त्याचीच वाट बघत होते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तादलाक्त म्हणजे चुन्याचा गिलावा दगडाने घोटून, वर ऑलिव्हच्या साबणाने रगडून पाणी न पिणारा करायचा. शब्द अरबीतल्या चोळण्या-रगडण्याच्या क्रियापदावरून आलाय. हमाम, पाण्याची टाकी, न्हाणीघर ही त्याची मूळ जागा. हॉटेलांच्या दिवाणखान्यात आणि खांबांवर दिसतं ते नंतरचं कौतुक.

18 ऑक्टोबर

चुन्याला इथे ‘जीर’ म्हणतात. मराकेशच्या आसपासचा चुनखडक शुद्ध नाही, त्यात माती आणि सिलिका असते, आणि भट्टीतून निघताना थोडे अर्धेकच्चे खडेही राहतात. रसायनाच्या पुस्तकात याला दोष म्हणतील. तादलाक्त उभं आहे ते याच दोषावर. मातीमुळे चुना थोडासा पाण्यातही धरतो, आणि ते खडे वाळूचं काम करतात, त्यामुळे वेगळी वाळू घालावी लागत नाही. आपल्याकडची पांढरीशुभ्र चुनाकळी विझवून तसंच करायला गेलात तर भिंतभर जाळी पडेल. तिथे संगमरवराची भुकटी घालावी लागते. राजस्थानातली आराइश तशीच असते, अकीकच्या दगडाने घोटलेली, आणि तादलाक्तची सगळ्यात जवळची बहीण मला तीच वाटते.

50 किलो आणला. चाळून मोठे खडे काढले, पाण्यात भिजवून पिंपात झाकून ठेवला. रंगासाठी तांबडी गेरू, कोरड्या चुन्याच्या वजनाच्या 5 टक्के. 10 टक्क्यांच्या वर गेलं की चुन्याची पकड सुटते. रंग आधी पाण्यात कालवून संपूर्ण चुन्यात एकदमच मिसळला. दुसऱ्या घाण्याचा रंग पहिल्याशी जुळत नाही हे नमुन्यांवर तीनदा शिकून झालंय.

20 ऑक्टोबर

खालचा थर: चुना आणि जाड वाळू, साधारण दीड सेंटीमीटर. ओला असतानाच वर आडव्या-उभ्या खाचा मारल्या. कोपऱ्यांना काटकोन ठेवला नाही, बाटलीच्या बुडाने गोल केले. काटकोनात दगड पोचत नाही, आणि जिथे दगड पोचत नाही तिथे पाणी पोचतं. आता दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे, दाराला ओलं गोणपाट. मराकेशची हवा इतकी कोरडी की दुपारी गोणपाट तासाभरात कडक होतं.

4 नोव्हेंबर

आज मआल्लेम आले. म्हणजे उस्ताद, कारागीर. (‘मालूम’ हा आपला शब्दही त्याच धातूतला.) साठीच्या पुढचे, उभा जन्म हमामांच्या भिंती करण्यात गेलेला. मला ‘लल्ला’ म्हणतात, बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं. माझी दारिजा, म्हणजे इथली बोली अरबी, मोडकी, त्यांचं फ्रेंच मोडकं, पण चुन्याला दोघांचंही कळत होतं.

आधी त्यांनी माझा दगड मागितला. बाजारातून मोठ्या हौसेने घेतलेला, गुळगुळीत, हिरवट. त्यांनी तो गालावरून फिरवला आणि कडेला एके ठिकाणी नख लावून दाखवलं. मोहरीच्या दाण्याच्या निम्मा असेल, एवढा टवका. हा दगड फिरवला असता तर भिंतभर केसाएवढे ओरखडे उठले असते. मग पाऊण तास मी पाणकागदावर दगड घासत बसले, आणि ते चहा पीत बसले.

मग काम. भिंत पाण्याने इतकी भिजवली की ती आणखी पिईना. पहिला हात लाकडी गुरमाळ्याने, जोर लावून, खालून वर. तो किंचित आवळल्यावर दुसरा हात. दोन्ही मिळून जाडी 6 मिलिमीटरच्या आसपास. एक अख्खी भिंत एका दमात व्हायलाच हवी, मध्ये सांधा ठेवला तर तो जन्मभर दिसतो. म्हणून हे एकट्याने करायचं काम नाही. मोठी भिंत त्यांनी घेतली, कोनाडा मला दिला.

आणि इथे मी माती खाल्ली.

थर लावून झाल्यावर वाट बघायची असते. किती, याला घड्याळ नाही. बोट टेकवलं तर चुना बोटाला लागू नये, पण नख दाबलं तर उमटावं, त्या मधल्या वेळात दगड सुरू करायचा. कोनाडा लहान, तिथे वारा नाही, ओल जास्त. मोठी भिंत तयार झाली तशी मी आपली कोनाड्यातही दगड घेऊन घुसले. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या फेरीला दगडाखाली ओलसर ‘चप्प’ असा आवाज आला आणि रुपयाएवढा पापुद्रा दगडालाच चिकटून निघाला. खाली खालच्या थराच्या खाचा दिसत होत्या.

मआल्लेमांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘सबर, लल्ला.’ म्हणजे सबुरी. शब्दही आपला तोच.

त्यांच्या दगडाचा आवाज वेगळा होता. आधी खरखर, मग हळूहळू बारीक चूंचूं, नव्या चपलांसारखा. तो आवाज सुरू झाला की चुना दाबला जातोय. लहान लहान गोल, एका हातावर दुसऱ्या हाताचं वजन. वाळताना चुना आकसतो, केसासारख्या भेगा येतात. आली भेग की तिच्यावरून दगड, पुन्हा आली की पुन्हा दगड. चार तासांत त्यांनी ती भिंत सहा वेळा तरी पहिल्यापासून घोटली. मी नमुन्यांवर दोनदा घोटून ‘झालं’ म्हणायचे. भेगा का पडतात असं मागच्या नोंदीत मीच विचारलं होतं, हे घ्या उत्तर.

मधल्या सुट्टीत जेवण. मआल्लेमांनी सकाळीच मांसाचं मडकं, तांजिया, जवळच्या हमामच्या भट्टीवाल्याकडे गरम राखेत पुरायला दिलं होतं. मी शाकाहारी, त्यामुळे पाव-ऑलिव्हवर भागवलं, पण तो वास काही मोजायला नको. हमामचं पाणी तापवणारी आग गल्लीची चूल पण होते हे मला फार आवडतं.

कोनाडा संध्याकाळी संपूर्ण खरवडून पुन्हा लावला. रात्री 11 पर्यंत घोटला. चुन्याने बोटांची टोकं सोलली. हातमोजे घातलेले, पण एक फाटला होता. डोळ्यांना चष्मा मात्र सोडू नका, चुना डोळ्यात गेला तर थट्टा नाही.

5 नोव्हेंबर

साबण. इथला ‘साबून बेल्दी’ म्हणजे काळा साबण, ऑलिव्हचं तेल आणि पोटॅशचा, दिसायला गुळाच्या काकवीसारखा आणि बोटाने उचलला की तार धरणारा. हमाममध्ये अंगाला लावतात तोच. 50 ग्रॅम अर्धा लिटर कोमट पाण्यात विरघळवला, मऊ ब्रशने भिंतीवर, आणि लगेच दगड.

याला वरून दिलेलं पॉलिश समजू नका. पोटॅशच्या साबणाची चुन्याशी गाठ पडली की कॅल्शियमचा साबण तयार होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. जड पाण्यात साबण फेसाळत नाही, बादलीच्या कडेला पांढरट चिकट साका बसतो, तोच हा. बादलीतून मी जो रोज शिव्या देत घासून काढते, तोच इथे मुद्दाम भिंतीच्या छिद्रांत भरायचा. म्हणूनच साबणाला उशीर चालत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन चुन्याचा परत दगड झाला की साबणाशी जुळायला मोकळा चुनाच उरत नाही. आणि घाईही चालत नाही, ओल्या चुन्यावर साबण गेला तर रंग उचलला जातो.

वाईच्या आमच्या वाड्यात माजघराच्या भिंतीला नीरूचा, म्हणजे घोटीव चुन्याचा, हात होता. आजोबा सांगायचे की चुना घाण्यावर मळताना त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. तिथे जे घालायचं ते आधीच, इथे शेवटी. पण हाताला लागणारा गारवा अगदी तोच. डोळे मिटून भिंतीला गाल लावला, मआल्लेम बघत नाहीत असं बघून.

साबणाचा दुसरा हात 7 तारखेला दिला. रंग दोन छटा गडद झाला, वाळलेल्या मिरचीच्या जवळ.

26 नोव्हेंबर

शॉवर अजून बंद. आम्ही बादली-तांब्यावर, मोरीतल्यासारखे. घरातल्यांचा संयम भिंतीच्या आधी संपेल असं वाटतं.

भिंत केली त्याच दिवशी त्याच चुन्याचा फरशीवर एक नमुना केला होता, तो आज मोडला आणि मोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलीन टाकलं, शाळेच्या प्रयोगशाळेतलं, कच्च्या चुन्यावर गुलाबी होणारं. वरचा जेमतेम 2 मिलिमीटरचा पट्टा बिनरंगी, खाली भडक गुलाबी. म्हणजे आत अजून कच्चा चुना आहे. पाणी सोडण्याआधी 28 दिवस थांबा असं सगळे सांगतात, मी आणखी दोन आठवडे थांबणार.

14 डिसेंबर

पाणी सोडलं. मोठ्या भिंतीवर थेंब पाऱ्यासारखे घरंगळले. तासाभराने फडक्याने पुसलं, कुठेही गडद डाग नाही. कोनाड्यात एका जागी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, आठआण्याएवढी जागा गडद झाली आणि दुपारपर्यंत तशीच राहिली. तिथे माझा दगड नीट पोचला नव्हता हे मला रात्री 11 वाजताच माहीत होतं.

साचलेलं पाणी तादलाक्तला सोसत नाही, एवढं नक्की. कोनाड्याच्या तळाला मी पुढे उतार दिलाय, तरी पुरेसा नाही.

21 डिसेंबर

गाढवपणा, आणि तो सर्वस्वी माझा. नळावर क्षार साचले होते, मी सवयीने क्षार काढायचं द्रावण मारलं. आम्ल! चार शिंतोडे भिंतीवर उडाले. लगेच पाणी ओतलं, पण जिथे पडले तिथे चकाकी गेली, खडूसारखे चार मुके ठिपके. चुन्यावर आम्ल पडलं की चुना विरघळणारच, हे मी दहा जणांना समजावलंय. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, सगळं आता न्हाणीघराबाहेर. भिंतीला फक्त पातळ काळा साबण.

मआल्लेमांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आवाजी आलं, आधी मोठं हसू, मग सूचना: ठिपक्यांवर साबण, दगड, आठवडाभर रोज. पूर्वीसारखे होणार नाहीत, पण पाणी पिणार नाहीत. कोनाड्याच्या कोपऱ्यासाठी म्हणाले, तिथला छोटा दगड माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.

उद्या जाणार आहे. शॅम्पूच्या बाटल्या तोवर बादलीत.