ब्रशचं टोक फुटतं, कारण फेरूलमध्ये रंग साचतो

28 मिलिमीटरच्या मिनिएचरचे, म्हणजे रंगवायच्या छोट्या पुतळ्याचे, डोळे रंगवायचे म्हटलं की नवखी मंडळी दुकानात जाऊन ट्रिपल झिरो (000), म्हणजे अगदी बारीक, ब्रश मागतात. तो घेऊ नका. त्याच्या पोटात, म्हणजे केसांच्या मधल्या जाड भागात, रंग मावतच नाही. पॅलेटवरून डोळ्यापर्यंत जाईतो टोकावरचा रंग सुकतो आणि रेघ उमटत नाही. 0 किंवा 1 नंबरचा, ओला केल्यावर एकाच टोकाला जुळणारा ब्रश घ्या. बारीक रेघ टोकाने येते, आणि टोकाला रंग पुरवत राहायचं काम पोटाचं.

सुरुवातीला सिंथेटिक ब्रश चालतो, पण त्याचं टोक लवकरच आकड्यासारखं वळतं. हात बसला की कोलिन्स्की सेबल घ्यावा. त्याचे केस सायबेरियन वीझलच्या शेपटीचे असतात. विन्सर अँड न्यूटन कंपनीची सिरीज 7 त्यासाठीच नावाजलेली आहे. मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र कुणी स्वस्तात देऊ केला तरी नको. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि एका ब्रशपायी प्राणी मारला जाणं कुठल्याच हौसेला शोभत नाही.

आता मुख्य मुद्दा. केस जिथे दांड्याला जोडलेले असतात ती धातूची नळी म्हणजे फेरूल. ॲक्रिलिक रंग एकदा सुकला की त्याचं प्लास्टिक होतं, मग तो पाण्यात विरघळत नाही. केसांमधून रंग आपोआप वर चढतो, फेरूलच्या तोंडाशी सुकतो, आणि दर वेळी थोडा थोडा साचत जातो. केस मुळातून फाकायला लागतात आणि टोकाची दोन टोकं होतात. दोष टोकात दिसतो, पण बिघाड वर झालेला असतो. म्हणून ब्रश रंगात तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच बुडवायचा, फार तर अर्ध्यापर्यंत. मिनिएचरला लावण्याआधी टिश्यूवर एकदा हलकेच टेकवायचा: जादा रंग टिश्यूत जातो आणि टोक पुन्हा जुळतं. दर चार-पाच मिनिटांनी, रंग बदलायचा नसला तरी, पाण्यात खळबळून घ्यायचा. चांगल्या ब्रशने रंग कालवायचा नाही, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) लावायचा नाही. मेटॅलिक रंगांसाठी पाण्याचा ग्लास वेगळाच ठेवा. त्यातली चमकी एकदा पाण्यात उतरली की पुढच्या प्रत्येक रंगात दिसते.

ग्लासात ब्रश उभा सोडून चहाला जाणं सगळ्यात वाईट. टोक तळाला टेकून वाकतं, शिवाय दांड्याचं लाकूड फुगून वरचं लॅकर तडकतं आणि फेरूल खुळखुळायला लागतं.

बैठक संपली की साध्या पाण्याने धुवा, गरम नको, कारण फेरूलमधला गोंद सैल होतो. ब्रशचा साबण किंवा साधा अंगाचा साबण तळहातावर घ्या आणि त्यात ब्रश केसांच्या दिशेनेच ओढा, हलकेच फिरवा. फेस पांढरा येईपर्यंत हे करायचं. पहिल्या धुण्यात स्वच्छ वाटलेल्या ब्रशमधूनही बऱ्याचदा दुसऱ्यांदा निळसर-करडा फेस निघतो. तो रंग फेरूलजवळचा. शेवटी किंचित साबण राहू देऊन बोटांनी टोक करा आणि ब्रश आडवा वाळवा. ओला असताना उभा ठेवला तर पाणी फेरूलमध्ये उतरतं. प्लास्टिकची टोपी पूर्ण वाळल्यावरच घाला. पावसाळ्यात टोपीखाली ओल राहिली तर बुरशी धरते. टोपीत एखादा केस दुमडला तर तो तसाच वाकडा राहतो.

रंग सुकून बसलाच असेल तर साबणाचा जाड लेप लावून रात्रभर ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी शेवटचा उपाय: तो रंग सोडवतो, पण नैसर्गिक केसांतलं तेलही काढून घेतो. सिंथेटिकचं वळलेलं टोक गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करता येतं, पण ते पुन्हा वळतं.

वेट पॅलेट वापरला तर निम्मा त्रास कमी होतो. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर. मेणाचा कागद घेऊ नका, त्यातून पाणी वर येत नाही. या कागदावर रंग तासन्‌तास ओला राहतो, त्यामुळे ब्रशवरही जाड गोळे चढत नाहीत.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर जपूनच वापरा. दमट हवेत पृष्ठभाग खरखरीत होतो आणि बारीक नक्षी त्याखाली बुजते. त्या दिवसांत हाताने लावायचा प्रायमर बरा, तोही टोक गेलेल्या जुन्या ब्रशने, दोन पातळ थरांत. ड्रायब्रशिंगलाही, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायलाही, हाच जुना ब्रश घ्या.