एसएमडीची बिन करताना

सेगा मेगा ड्राइव्ह या व्हिडिओ गेम यंत्राच्या कॅसेटची जुनी फाईल हाती आली की मी तिच्या एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवत नाही. नाव एसएमडी (कॉपी यंत्राची, बाइट विस्कटून ठेवलेली फाईल) आणि आत सरळ बिन (कॅसेटमधले बाइट जसेच्या तसे), किंवा नेमकं उलटं, असं सर्रास निघतं. एकाची दुसरी करणारा कन्व्हर्टर अशा फाईलवर डोळे झाकून चालवला की चांगली फाईलही बिघडते. म्हणून आधी हेक्स एडिटर, म्हणजे फाईलचे बाइट उघडे करून दाखवणारा प्रोग्रॅम.

सरळ बिन असेल तर हेक्स १०० (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी) या जागी रोमन अक्षरांत ‘सेगा मेगा ड्राइव्ह’ किंवा ‘सेगा जेनेसिस’ सलग वाचता येतं. एसएमडीत ते नाव फाटलेलं असतं. हेक्स २८० वर ‘ई, ए, एम, जी’ दिसतात आणि राहिलेली ‘एस, जी’ वगैरे अक्षरं थेट २२८० वर सापडतात. जेनेसिसवाली असेल तर २८० वर ‘ई, ए, जी, एन’.

ही फाटाफूट सुपर मॅजिक ड्राइव्ह या फ्लॉपीवर कॉपी करणाऱ्या यंत्राची देणगी. सुरुवातीला ५१२ बाइटांचा हेडर (फाईलची माहिती देणारा भाग), मग १६ केबीचे ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याच्या पहिल्या ८ केबीत विषम जागांचे बाइट, पुढच्या ८ केबीत सम जागांचे (मोजणी शून्यापासून). १९९१ चा सॉनिक हा गेम घ्या: बिन ५,२४,२८८ बाइटांची, एसएमडी ५,२४,८००. हेडरचा पहिला बाइट हेक्स २०, म्हणजे ३२ ठोकळे. नववा-दहावा बाइट एए आणि बीबी.

उलगडायचं ते असं. पहिले ५१२ बाइट टाकून द्यायचे, मग एकेक ठोकळा घेऊन त्याचे दोन अर्धे पत्ते पिसल्यासारखे एकाआड एक गुंफायचे. सुरुवात मात्र दुसऱ्या अर्ध्यापासून. इथेच बरेच जण फसतात. पहिल्या अर्ध्यापासून सुरुवात केली तर ‘सेगा’च्या जागी ‘ई, एस, ए, जी’ उमटतं आणि एम्युलेटर (संगणकावर मेगा ड्राइव्हची नक्कल करणारा प्रोग्रॅम) काळा पडदा दाखवून गप्प बसतो. यूकॉन६४ हा प्रोग्रॅम हे काम करून देतो, पण पायथनमध्येही दहा-बारा ओळींचंच काम आहे, आणि आपण लिहिलेलं असलं की काय बिघडलं ते कळतं.

२ एमबीचा गेम १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावत नसे, म्हणून त्याचे तुकडे पडायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा हेडर असायचा. कुणी ते तसेच जोडले असतील तर मध्येच ५१२ बाइटांचा कचरा राहतो. गेम सुरू होतो, पण पुढे कुठेतरी चित्रं विस्कटतात किंवा सगळं गोठतं. फाईलच्या आकाराला १६,३८४ ने भागून पाहा: बाकी ५१२ आली तर ठीक, १,०२४ आली तर दोन हेडर आहेत.

शेवटी चेकसम, म्हणजे फाईल शाबूत आहे का ते ताडायची बेरीज. हेक्स २०० पासून रॉम (कॅसेटमधला गेमचा डेटा) संपेपर्यंत दोन-दोन बाइटांची बेरीज करायची, खालचे १६ बिट ठेवायचे आणि १८ई वरच्या आकड्याशी ताडायचे. रॉम कुठे संपतो ते १ए४ वर लिहिलेलं असतं. सॉनिकमध्ये ०००७ एफएफएफएफ. चेकसम जुळला नाही तर सॉनिक स्वतःच पडदा लालभडक करून थांबतो. काही एम्युलेटर चेकसम आपोआप दुरुस्त करतात; तपासताना ती सोय बंदच हवी, नाहीतर खराब फाईलही चालल्यासारखी वाटते. मात्र काही अस्सल कॅसेटींतही आकडा मुळातच चुकीचा आहे, तेव्हा तेवढ्यावरून फाईल फेकू नये.

फाईल ईप्रॉमवर (डेटा लिहून ठेवायच्या चिपवर) चढवायची असेल तर अजून एक पायरी. १६ बिटांच्या चिपसाठी बऱ्याच प्रोग्रॅमरना (चिपवर डेटा लिहिणाऱ्या यंत्रांना) बाइटांच्या जोड्या उलटवलेली फाईल लागते, म्हणजे इथे मुद्दाम ‘ई, एस, ए, जी’च हवं. दोन २७सी०२० (८ बिटांच्या ईप्रॉम चिप) वापरत असाल तर सॉनिकचे २५६ केबीचे दोन भाग करायचे: सम बाइटांची चिप डी८ ते डी१५ या डेटाच्या तारांवर, विषमची डी० ते डी७ वर.