मझल ब्रेक: कुठला लावायचा, कुठला काढायचा

मझल ब्रेक म्हणजे रायफलच्या नळीच्या टोकाला आट्यांनी बसणारा, वायू बाजूला वळवून धक्का कमी करणारा तुकडा. ६.५ क्रीडमूर काडतुसाच्या रायफलला तो कशाला हवा, खांदा एवढा नाजूक आहे का, असं रेंजवर कुणीतरी विचारतंच. खांद्याचा प्रश्नच नाही. बार झाल्यावरही स्कोपमधून निशाण दिसत राहावं, यासाठी सगळी उठाठेव. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरला ११२३ यार्डांवर एक पांढरा पोलादी बायसन उभा केलाय. गोळी तिथं पोचायला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात रायफल ठिकाणावर आली तर गोळी कुठं पडली ते आपलं आपल्याला दिसतं. नाहीतर बसा शेजाऱ्याला विचारत.

हिशोब सोपा आहे. माझी गोळी १४० ग्रेनची, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. तिच्यामागं दारू पावणेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. पण त्या दारूचा वायू गोळीपेक्षा जोरात बाहेर पडतो, त्यामुळं धक्क्यातला ढोबळ तिसरा हिस्सा त्याचाच. ब्रेकची सत्ता चालते ती या हिश्श्यावर. गोळीच्या वाट्याचा धक्का कुणाच्या बापाला टळत नाही. .३०० विन मॅग या मोठ्या काडतुसात दारू जास्त, वायूचा वाटाही जास्त, म्हणून तिथं तोच ब्रेक चमत्कार वाटतो.

आळीपाळीनं लावून पाहिलेल्यांपैकी सगळ्यात स्वस्त होता चहूबाजूंनी भोकं असलेला. दिसायला देखणा, बसवायला सोपा. भोकं सगळीकडंच, त्यामुळं कुठल्याही कोनात थांबला तरी चालतो. पण पालथं पडून पहिला बार काढलात की खालच्या भोकांतून तिथल्या कोरड्या मातीचा असा लोट उठतो की बायसन राहू दे, स्वतःचं बायपॉड (नळीखालचे दोन पाय) दिसत नाही. तो आता कपाटात आहे.

दुसरा, कडेला सरळ आडवी तोंडं असलेला. खाली बंद, म्हणून धूळ कमी. तिसऱ्याची तोंडं मागं झुकलेली आणि वर दोन बारीक भोकं. धक्का मोडण्यात हा सरस, कारण वायू मागं वळवला की तो रायफलीला पुढं ओढतो. वरच्या भोकांमुळं नळीचं तोंड उचलत नाही. हिशोबाची वसुली मात्र शेजारच्या बाकावरून होते. तो दणका कानात नाही, छातीत बसतो. ब्रेक नसतानाही रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो. ब्रेक लावला की नेम धरणाऱ्याच्या कानाशी तो आणखी वाढतो. मी आत प्लग आणि वर मफ, दोन्ही घालतो. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेत ब्रेकला बंदी आहे, ती मला रास्तच वाटते. तिथं सगळे एका रांगेत पडलेले असतात.

माझ्या लेखी खरी परीक्षा आट्यांची. इचलकरंजीत काकांच्या लेथवर हात काळे केलेत, त्यामुळं हे बघितल्याशिवाय राहवत नाही. .३० कॅलिबरपर्यंत सहसा पाच अष्टमांश इंचाचा आटा असतो, इंचाला २४. ब्रेकचं भोक गोळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं. नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मधोमध असेलच असं नाही. काकांना फोनवर आटे पाडल्याचं सांगितलं, तर धक्का-बिक्का राहिला बाजूला, त्यांनी मध्य मापायच्या डायलबद्दलच पहिला प्रश्न टाकला, "डायल कुठं लावला होतास रे? बाहेरून का भोकात?"

"भोकात, काका."

"मग ठीक आहे. बाहेरून धरून आटे पाडलेस तर गोळी घासणार."

कडेच्या तोंडांचा ब्रेक पातळीत बसवावा लागतो. एक बाजू जरा खाली गेली तर रायफल तिरकी उसळी मारते. काही जण शिम (पातळ चकत्या) घालतात. मला लॉक नटवाला (मागून नट आवळून पक्का होणारा) आवडतो, पाना लावला की मिनिटात काम होतं.

सध्या क्रीडमूरवर मागं झुकलेला आहे, पण तो मोकळ्या मैदानात. शेडखाली बाक जवळजवळ असतील तर सरळ तोंडांचा. .३०० घेऊन एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाताना ब्रेक काढून आट्यांवर टोपण लावतो, कारण रानात कान उघडे असतात आणि बार बहुधा एकच. ब्रेक काढला की गोळी थोडी सरकते, म्हणून टोपणासकट पुन्हा झिरो करून, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून, मगच निघायचं.