बाळ बाहेर आलं, मग आता सोनोग्राफी कशाला?

धाप लागलेल्या नवजात बाळाच्या छातीची सोनोग्राफी करायची म्हटलं की विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांकडून, बहुतेक वेळा आजीकडून, हा प्रश्न येतो. ‘पोटात असताना झाल्या की सगळ्या सोनोग्राफ्या. आता बाळ डोळ्यांसमोर आहे, मग पुन्हा कशाला?’ डॉक्टर मंडळींची शंका निराळी असते. फुफ्फुसात हवा असते, हवेतून सोनोग्राफीच्या लहरी पुढे जात नाहीत, मग तुम्हाला पडद्यावर दिसतं तरी काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींचं उत्तर पाण्यात आहे.

पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसांत हवा नसते, पाणी असतं. ते बाळाने गिळलेलं नसतं. फुफ्फुसंच ते तयार करतात आणि त्याच्यामुळेच ती नीट वाढतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात आणि पाणी स्रवणाऱ्या पेशी तेच पाणी शोषू लागतात. जन्मल्यावर पहिल्या श्वासांबरोबर हवा आत शिरते आणि उरलेलं पाणी हळूहळू रक्तात जातं. कळा न येता ठरवून सिझेरियन झालं तर ही तयारी अर्धवट राहू शकते. म्हणून ३९ आठवडे भरण्याआधी, काही कारण नसताना, केवळ मुहूर्त साधायला सिझेरियन मागणाऱ्या घरच्यांना मी अगदी कळकळीने सांगते, थांबा.

आता बाळाला धाप लागली आहे असं समजा. श्वास मिनिटाला ६० च्या वर, नाकपुड्या फुलतायत, बरगड्यांखाली खड्डे पडतायत, बाळ कण्हतंय. कदाचित पाणी ओसरायला वेळ लागतोय, तेवढंच. किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट कमी आहे. हा स्निग्ध पदार्थ नसला तर हवेच्या पिशव्या प्रत्येक श्वासाला मिटत जातात. न्यूमोनिया असेल, किंवा फुफ्फुसातून हवा निसटून छातीत साठली असेल. बाहेरून ही बाळं बऱ्याचदा सारखीच दिसतात, उपचार मात्र फार वेगळे. एकाला थोडा आधार देऊन वाट पाहायची, तर दुसऱ्याची हवा सुईने तातडीने काढायची.

अशा वेळी मी कोमट केलेलं जेल लावून छोटा प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, बाळाच्या छातीवर ठेवते. ऊब देणाऱ्या वॉर्मरवरून बाळाला हलवावं लागत नाही. निरोगी फुफ्फुस खरंच दिसत नाही, डॉक्टरांची शंका तिथवर बरोबर आहे. दिसते ती फुफ्फुसाच्या आवरणाची चमकदार रेघ, श्वासागणिक सरकणारी, आणि तिच्याखाली समान अंतरावर उमटलेल्या तिच्याच प्रतिमा. आत पाणी असलं की चित्र पालटतं. त्या रेघेपासून खाली उभे पांढरे पट्टे उतरतात. पाणी जितकं जास्त, तितके पट्टे दाट, आणि शेवटी सगळंच पांढरं. हवेमुळे चित्र दिसत नाही हे खरंच, पण हवा किती कमी झाली हे त्याच चित्रावरून कळतं. पहिल्या काही तासांत थोडे पट्टे ठणठणीत बाळातही दिसतात, त्यांना घाबरायचं नसतं.

पॅरिसचे डॉ. डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी १९९० च्या दशकात हे पट्टे मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात वाचायला शिकवलं. २००७ मध्ये इटलीतल्या कोपेटी आणि कातारोसी यांनी नवजात बाळांत एक खूण दाखवली. फुफ्फुसाचा वरचा भाग बराच मोकळा, खालचा पट्ट्यांनी भरलेला, आणि दोन्हींमध्ये ठळक सीमा. ही खूण दिसली की धाप बहुधा पाणी उशिरा ओसरण्याची, साधारण दोन-तीन दिवसांत जाणारी. प्रत्येक बाळात ती सापडत नाही, पण सापडली की आईला धीर देताना माझा आवाज वेगळा असतो. सर्फॅक्टंट कमी असलेल्या बाळात असा मोकळा भाग सहसा नसतो. दोन्ही बाजू पांढऱ्या, आवरणाची रेघ जाड आणि ओबडधोबड.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. छातीचे सहा भाग पाहायचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे, पट्टे जितके दाट तितके जास्त, एकूण १८. फ्रान्समधल्या ब्रा, डी लूका आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की या बेरजेवरून कोणत्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सर्फॅक्टंट औषध म्हणून द्यावं लागेल याचा चांगला अंदाज येतो. एरवी आपण सीपॅपवरच्या, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या, बाळाची ऑक्सिजनची गरज ३० टक्क्यांवर जाण्याची वाट पाहतो. हे औषध पहिल्या तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं, त्यामुळे त्या वाट पाहण्याची किंमत बाळ मोजतं. ती वाट जितकी कमी करता येईल तितकी करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

एक्स-रे मात्र बाद झालेला नाही. श्वासनळीतली ट्यूब, नाभीतून घातलेली नळी कुठवर गेली हे पाहायला मी तो आजही मागवते. आवरणापर्यंत न पोहोचलेला आतला बिघाड सोनोग्राफीत लपतो. शिवाय प्रोब धरणारा हात नीट शिकलेला नसेल तर ही तपासणी दिशाभूल करते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो हवाच, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी, ते कोण वापरणार, पोर्टेबल असेल तर कुठे न्यायचं, सगळ्यांवर बंधनं आहेत. एवढी कागदपत्रं कोण करणार, म्हणून नवजात विभागासाठी मशीन मागितलंच जात नाही, असं होऊ नये. रीतसर नोंदणी करावी आणि मशीन कायम त्याच विभागात ठेवावं. जिल्हा रुग्णालयांच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात, तर ते आधी हवं. तिथे रात्री दोन वाजता एक्स-रेवाल्याला बोलवायचं, की शेजारचा प्रोब उचलायचा, यात बराच फरक आहे.

आणि आजी, ‘फुफ्फुसात पाणी’ हे शब्द आमच्या तोंडून ऐकलेत तर टीबीच्या रुग्णांत ऐकलेलं पाणी डोळ्यांसमोर आणू नका. ते फुफ्फुसाच्या बाहेर साठतं, हे बाळाचं जन्माआधीपासूनचं आतलं पाणी आहे. ते ओसरतंय की नाही हे आम्हाला तासातासाने बदलत्या चित्रावरून कळतं. या तपासणीत किरण नसतात, त्यामुळे ती कितीदाही करता येते. सकाळी केलेली सोनोग्राफी संध्याकाळी पुन्हा केली, तर तेवढ्यावरून बाळाचं बिघडलं असं समजू नका. काय बदललं ते आम्हाला विचारा. दोन्ही वेळची चित्रं मशीनमध्ये असतात, शेजारी ठेवून दाखवता येतात.