रिओत वजन दुसऱ्या मात्रेवर

पुण्यात सहा वर्षं पथकात ढोल वाजवलाय, त्यामुळे ब्राझीलचा सांबा काय, महिन्याभरात जमेल, अशा तोऱ्यात मी रिओ द जनेरोला गेले. बिनपगारी रजा तीन महिन्यांची, व्हिसा ९० दिवसांचा. पहिल्याच वर्गात गळ्यात सुर्दो आला. ढोलाचाच भाऊबंद, पण वाजतो एकाच तोंडानं. मी सवयीनं मिरवणुकीतला ठोका हाणला. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांना थांबवलं, माझा डावा हात धरून पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, दाबला आणि म्हणाले, "मेनुश, इंडिया, मेनुश." म्हणजे कमी. सुर्दोत उजवा हात वाजवतो आणि डावा गुंज आवरतो. तो आवरणारा हात शिकायलाच मला तीन आठवडे लागले.

खरा घोळ पुढे होता. तालाला मात्रा दोन. सगळ्यात खर्जातल्या सुर्दोचं नाव 'प्रिमेइरा', म्हणजे पहिला, आणि तो वाजतो दुसऱ्या मात्रेवर! 'सेगुंदा', म्हणजे दुसरा, पहिल्या मात्रेवर त्याला उत्तर देतो. तिसरा या दोघांच्या मधल्या जागा भरतो. समेवर जोर द्यायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांचे पाय पार गोंधळतात. मांगेइरा (शब्दाचा अर्थ आंब्याचं झाड) ही १९२८ सालची सांबा शाळा, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीत उतरणारं पथक, उत्तराचा सुर्दो ठेवतच नाही. पहिली मात्रा रिकामी सोडून सगळं वजन दुसरीवर. हे एकदा कानात बसलं की शेकडो वादकांतूनही ओळखू येतं.

वर्गात कागद नसतो. 'मेश्त्रि' तोंडानं म्हणतात, आपण वाजवायचं. तबल्याच्या बोलांची सवय असेल तर सोपं जातं. आपल्याकडचा मेस्त्री याच पोर्तुगीज शब्दातून आलाय. तिथे तो वादनाचा प्रमुख. ताशा वाजवणाऱ्यांनी 'काइशा' घ्यावा, पण तिथले चार ठोके सारख्या अंतरावर पडत नाहीत, किंचित झुलतात. मोजत बसलात तर हुकणार. चालता चालता वाजवा.

जायचं कधी? कार्निव्हल फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला असतो. जानेवारीत नवशिक्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून मी विसर्जन आटोपून ऑक्टोबरात गेले. फक्त बघायचंच असेल तर मात्र कार्निव्हलच्या आधीचे आठवडे गाठा. सांबोद्रोमोत, म्हणजे मिरवणुकीसाठी बांधलेल्या प्रेक्षागृहांच्या रस्त्यावर, शाळांच्या रंगीत तालमी फुकट बघता येतात. माझ्या त्या हुकल्या. नामांकित शाळेच्या ताफ्यात थेट शिरायचा हट्ट नको. रस्त्यावरच्या 'ब्लोकू' गटांचे महिन्याच्या फीवर चालणारे वर्ग असतात, त्यांना 'ऑफिसिना' म्हणतात. सुरुवात तिथे करा. सोमवारी रात्री पेद्रा दो सालच्या दगडी पायऱ्यांशी सांबा रंगतो, रस्त्यावरच, बिनतिकीट. मोबाइल खिशात नको, पुढच्या बाजूला अडकवलेल्या पाऊचमध्ये ठेवा आणि परतताना चालत येऊ नका, टॅक्सी करा.

पीतज्वराची लस निघण्याआधी किमान १० दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि लसीचं पिवळं कार्ड जपा. ब्राझीलहून परतताना ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. तिथे पोचल्यावर सीपीएफ नंबर (तिथला करदाता क्रमांक) काढून घ्या, सिमकार्डालाही मागतात. शाकाहाऱ्यांनी नुसतं "सें कार्नि" (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि कोंबडी त्यांच्या लेखी मांस नव्हेच. घेवड्याच्या आमटीतही डुकराचे तुकडे निघतात, विचारून घ्या. माझं निम्मं पोट पाव दे केजु या चीजच्या गोळ्यांवर भरलं.

सुर्दो विमानातून आणायच्या फंदात पडू नका. ६ इंची तांबोरीं (हातात धरायचा छोटा डफ) आणि त्याची प्लास्टिकची काडी हातातल्या पिशवीत मावते. मी तेच आणलं. रात्री नऊनंतर वाजवायचं नाही, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं.